दहाचं कुपन: सातपूरच्या संध्याकाळच्या भाजीबाजाराच्या नोंदी, २०२५

३ जून, मंगळवार

काम ठरलं. गंगापूर रोडला आमचा रविवार सकाळचा शेतकरी बाजार भरतो, तो नीट चालतो. गिरणारे, मातोरी, महिरावणी, बेळगाव ढगा इकडचे शेतकरी स्वतःचा माल आणतात, गिऱ्हाईक गाडीतून उतरून पिशव्या भरतं, दहाच्या आत पाट्या रिकाम्या. हाच माल, याच शेतकऱ्यांकडून, सातपूरच्या कामगार वस्तीत परवडेल अशा भावात न्यायचा आहे. अट एकच, ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली: शेतकऱ्याच्या हातात पडणारा पैसा कमी होता कामा नये. स्वस्त भाजी म्हटलं की कात्री आधी त्याच्याच खिशाला लागते, हे नाशिक जिल्ह्यात कोणाला समजावून सांगायला नको. भाव पडला की टोमॅटोची कॅरेटं रस्त्याकडेला ओतलेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

मग स्वस्ताईचा पैसा येणार कुठून? रविवारच्या गिऱ्हाइकांकडून. बिलावर 'वरचे दहा', ज्याला द्यायचे त्याने. खजिनदार काका म्हणाले, कोणी देणार नाही. माझं म्हणणं, तोंडानं मागितलं तर देतात, डबा ठेवून गप्प बसलं तर नाही.

७ जून, शनिवार

हिशेब मांडून बघितला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांप्रमाणे मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळ हवं. पाच माणसांचं घर, त्यात दोन लहान मुलं. मुलांचं कमी धरलं तरी दीड किलोच्या खाली येत नाही. किलोला सरासरी ४० रुपये धरले तर रोजचे ६०, महिन्याचे १८००. यात फळाचं नावही काढलेलं नाही. लाडक्या बहिणीचे १५०० सगळेच्या सगळे भाजीत घातले तरी वर तीनशे लागतात.

उलट धान्याचं बघा. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य, अंत्योदयवाल्या घराला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. म्हणजे गहू-तांदूळ घरात असतो. पैशाची ओढाताण झाली की पहिली कपात भाजीत होते. पोट भरतं, ताट पांढरं राहतं.

११ जून, बुधवार

गंगाघाटावरचा बुधवारचा बाजार दुपारपासून अंधार पडेपर्यंत पाहिला. किलोचा भाव विचारणारे वेगळे आणि वाटा उचलणारे वेगळे. दहाचा वाटा, वीसचा वाटा. वाट्यात चार वांगी, नाहीतर दोन गिलकी, नाहीतर मूठभर मिरच्या. किलोनं मोजलं तर वाटा बरेचदा महागच पडतो. पण हातात वीस रुपये असतील तर किलोचा भाव कितीही चांगला असून उपयोग काय? घरी फ्रिज नाही, उद्याची मजुरी उद्या.

दुसरी गोष्ट वेळेची. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून सुटून बायका भाजीपर्यंत पोचतात तेव्हा भाव उतरलेला असतो खरा, पण मेथीनं मान टाकलेली असते. सकाळी ताजी, तेव्हा महाग आणि त्या कामावर. संध्याकाळी स्वस्त, तेव्हा शिळी. आमचा बाजार संध्याकाळी साडेपाच ते नऊ, आणि माल त्याच दुपारी काढलेला. शेतकऱ्यांना यात नवीन काही नाही. पंचवटीच्या बाजार समितीच्या आवारात पालेभाजीचा लिलाव संध्याकाळीच असतो आणि तो माल रात्रीतून मुंबईकडे निघतो. दुपारची खुडणी त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे.

किलोच्या काट्याबरोबर वाट्याची फळीही ठेवायची. रविवारच्या बाजारात आम्ही वाटा कधी लावला नाही, तिथं कोणी मागितलाच नाही.

१४ जून, शनिवार

वाचन. दुसरीकडे हेच काम कसं करतात ते.

अमेरिकेत गरिबांना अन्नासाठी सरकारी मदत मिळते. पूर्वी ती कागदी फूड स्टॅम्पांवर मिळायची आणि ते शेतकऱ्यांच्या बाजारात हातोहात चालायचे. मग त्याजागी कार्ड आलं, २००४ पर्यंत देशभर. उघड्यावर बसलेल्या शेतकऱ्याजवळ ना वीज, ना फोनची तार, त्यामुळे कार्ड घासणार कुठे? गरीब गिऱ्हाईक बाजारातून तुटलं. तोड अशी निघाली की बाजाराच्या तोंडाशी एकच टेबल लावायचं, तिथं कार्ड चालवून लाकडी टोकनं द्यायची. ती कोणत्याही शेतकऱ्याकडे चालतात आणि शेतकरी दिवसाच्या शेवटी मोजून परत देतो. नंतर यावर भर पडली. न्यूयॉर्क शहरात २००५ पासून हेल्थ बक्स, त्यात बरीच वर्षं पाच डॉलर खर्चले की दोन डॉलरचं कुपन मिळायचं. डेट्रॉइटात २००९ ला डबल अप फूड बक्स, जेवढ्याची खरेदी तेवढंच वर. २०१४ च्या शेती कायद्यात या कामाला पाच वर्षांसाठी १० कोटी डॉलर मिळाले. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पडेन काउंटीत २०११-१२ मध्ये चाचणी घेतली, फळं-भाज्यांवर डॉलरमागे ३० सेंट परत. ज्यांना ते मिळाले त्यांच्या खाण्यात फळं-भाज्या सुमारे २६ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे तीस टक्के सूट दिली की ताट थोडं हिरवं होतं. 'थोडं' हा शब्द विसरू नये.

आपल्याकडच्या शेतकरी बाजारांत कुपनं नाहीत, भाव ठरवण्याची पद्धत आहे. पंजाबात १९८७ पासून अपनी मंडी. आंध्रात १९९९ पासून रयतु बाजार. तमिळनाडूत त्याच वर्षी नोव्हेंबरात मदुराईला पहिली उळवर संदै उघडली. तिथं रोज सकाळी भाव ठरतो: घाऊकपेक्षा वीसेक टक्के वर, किरकोळीपेक्षा पंधराएक टक्के खाली. समजा टोमॅटोचं वीस किलोचं कॅरेट लिलावात ३०० ला गेलं, किलोला १५, आणि वस्तीत तोच टोमॅटो ३० ला आहे. या पद्धतीनं शेतकऱ्याला किमान १८ आणि गिऱ्हाइकाला साडेपंचवीस. मधले साडेसात रुपये गाडी, नासाडी आणि जागेला.

आम्ही दोन्हींची भेळ करणार. भाव तमिळनाडूच्या चालीवर, वर कुपन न्यूयॉर्कच्या चालीवर: वीसच्या भाजीला दहाचं कुपन, पुढच्या खेपेला वापरायचं.

नुसता भावच का पाडू नये, असं काकांनी विचारलं. पाडला तर पहिल्या अर्ध्या तासात एखादा हातगाडीवाला सगळा माल उचलून नेईल आणि चौकात विकेल. त्यात त्याचं काही चुकलं नाही, पण आमचा पैसा तिथंच संपेल.

१८ जून, बुधवार

बैठक. कुपन कोणाला, यावरच दोन तास गेले. एक गट म्हणाला, रेशनकार्ड बघा: पिवळं, केशरी चालेल, पांढरं नाही. दिसायला सोपं. पण वस्तीत भाड्यानं राहणाऱ्या कितीतरी घरांचं कार्ड गावी आहे, सुरगाण्याला, पेठला, धुळ्याला, बिहारात. आणि भरल्या बाजारात बाईला पिशवीतून कार्ड काढायला लावायचं? मी असते तर दुसऱ्यांदा आले नसते.

ठरलं: कोणाचंही काही बघायचं नाही. जागा आणि वेळ हीच चाळणी. दहा रुपयांसाठी गंगापूर रोडवरून कोणी सातपूरच्या बोळात येणार नाही, आणि आलाच तर येऊ दे, भाजीच नेईल.

काकांनी ई-रुपीची कल्पना मांडली. ठरावीक कामासाठीच चालणारं मोबाइलवरचं कुपन, ऑगस्ट २०२१ पासून आहे. कागदावर अगदी आमच्यासाठीच बनवल्यासारखं. पण वस्तीत घरचा फोन संध्याकाळी नवऱ्याच्या खिशात किंवा मुलाच्या हातात असतो. जाड कागदाचं कुपन, शिक्का, दर महिन्याला वेगळा रंग. जूनचा पिवळा.

२८ जून, शनिवार

पहिला बाजार. पाऊस होता, ताडपत्री गळली. वाट्याच्या फळीवर गर्दी, काट्याजवळ शुकशुकाट. कुपनं गेली.

५ जुलै, शनिवार

उद्या आषाढी. रताळी, बटाटे आणि हिरव्या मिरच्यांशिवाय कोणी काही विचारलं नाही. मातोरीच्या दादांचा दोडका तसाच परत गेला. पंचांग बघून माल सांगायला हवा. हे त्यांनीच सांगितलं, जरा चिडून.

वाद दुसरा: कुपनावर कांदा-बटाटा द्यायचा का? मी नको म्हणत होते. कांदा-बटाटा तर लोक घेतातच, कुपन पालेभाजी आणि फळभाजीसाठी. रांगेतली एक ताई म्हणाली, "मॅडम, कांद्याची पातळ भाजी केली की चार माणसं जेवतात, तुमच्या मेथीची मूठ होते." बोलणं बरोबर आहे. तरीही नियम बदलला नाही. वीस रुपयांची पहिली खरेदी कशाचीही चालेल, कुपन मात्र हिरव्यावर. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा वाट्यानं ठेवायला सुरुवात केली, तो स्वस्त पडतो आणि चिरायला थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच.

१२ जुलै, शनिवार

आजची नोंद मोठी होणार.

बाजार लागायच्या आधी वस्तीच्या तोंडाशी बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी आल्या. सोबत आणखी दोघी. भांडायला आल्या नव्हत्या, पण आवाज चढलेला होता. म्हणणं सरळ: "तुम्ही शनिवारी येता आन् रविवारी घरी बसता. मी आठवडाभर इथंच असते. शनिवारी माझी पाटी तशीच राहती. तुमच्या दहाच्या चिठ्ठीनं माझं गिऱ्हाईक नेलं."

मी आमची बाजू सांगितली: शेतकरी थेट, मध्ये कोणी नाही. त्या म्हणाल्या, "मध्ये मी आहे ना."

बसून बोललो. मावशी पहाटे पंचवटीला जातात, तिघी मिळून रिक्षा करतात. भांडवल रोजचं रोज उचललेलं: सकाळी नऊशे हातात, संध्याकाळी हजार परत. मी मनात गुणाकार केला. नऊशेत तीस किलो माल आला असं धरलं, तर किलोमागे तीन रुपयांच्या वर नुसतं व्याज. ते कोणाच्या ताटातून जातं? वस्तीतल्याच बाईच्या. वरून आवारातली आडत, जी २०१६ पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेतात, म्हणजे ती पण मावशींच्या माथी. मग हमाली, रिक्षा, आणि रात्री उरलेला पाला.

आणि त्यांच्याकडे एक गोष्ट आहे जी आम्हाला कधीच जमणार नाही. त्यांची वही. उधारी. महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास कंत्राटदाराकडून पगार होतो. वीस तारखेनंतर वस्तीतली निम्मी भाजी मावशींच्या वहीवर शिजते. आमचा टोमॅटो चार रुपयांनी स्वस्त आहे, पण रोख. त्यांचा महाग आहे, पण आज रात्री मिळतो, आणि वर कोथिंबिरीची काडी आणि दोन मिरच्या. मी त्या वस्तीत राहत असते तर कोणाकडे गेले असते, हे मला ठाऊक आहे.

घरी येऊन तमिळनाडूचं टिपण परत वाचलं. मधला माणूस काढला की दोन्हीकडे भलं होतं, असं त्यात धरलेलं आहे. आवारातल्या मोठ्या मधल्या माणसाबद्दल ते खरं असेल. पण साखळीचं शेवटचं टोक म्हणजे पाटी घेऊन बसलेली बाई. ती गिऱ्हाइकाइतकीच गरीब. तिला काढून भाजी स्वस्त करायची, तर एका चुलीतलं लाकूड काढून दुसरीत घातल्यासारखं होईल.

१६ जुलै, बुधवार

बैठक. मी मांडलं: शनिवारचा बाजार ठेवू, पण कुपन मावशींच्या पाटीवर चालू द्या, आठवड्याचे सातही दिवस. आणि शेतकऱ्यांचा माल शनिवारशिवाय आणखी दोन संध्याकाळी पिकअपनं थेट त्यांच्या जागेवर. पैसे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बिनव्याजी.

काकांची शंका रास्त होती. भाजी न विकताच कुपनं जमवून कोणी पैसे मागितले तर? अमेरिकेतही मदतीच्या कार्डाच्या बदल्यात रोख देणारे दुकानदार सापडतात, तसंच. उपाय त्यांनीच काढला, मुरलेला बँकवाला माणूस. वीस रोख आणि दहा कुपन, म्हणजे तीसच्या विक्रीत कुपन दहाचं. ज्या मावशींनी जेवढा माल आमच्या पिकअपमधून उचलला, त्याच्या विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच कुपनं बदलून मिळतील. वेगळी देखरेख नको, मालाची पावती हीच देखरेख.

दादांना विचारलं, मावशींना माल कोणत्या भावानं? तोच, आदल्या संध्याकाळच्या पंचवटीच्या लिलावाच्या वीस टक्के वर. ते हसले. "आम्हाला काय, पैसे वेळेवर द्या. बाई विको नाहीतर तुम्ही विका."

१९ जुलै, शनिवार

तीन पाट्यांवर कुपन सुरू. जुलैचा रंग गुलाबी.

मावशींनी काटा बदलायला सांगितलं. आमचा इलेक्ट्रॉनिक काटा खरा, पण वजनमापाचा शिक्का वर्षाचा असतो आणि आमचा संपत आलेला. त्यांच्या काट्यावर नवा शिक्का होता. बघून बरं वाटलं आणि जरा ओशाळायलाही झालं.

२६ जुलै, शनिवार

कालपासून श्रावण. अंडी-मटण बंद, भाजीला उठाव, भाव वर. आठवडाभर कुपनं सगळ्यात जास्त मावशींकडे फिरली, शनिवारच्या बाजारात कमी. का, ते मोजायची गरज नाही. घराजवळ आहे, रोज आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

आज आदिवासी दिन आणि राखीपौर्णिमा एकाच दिवशी. त्र्यंबकच्या बाजूच्या काही जणी रानभाज्या घेऊन आल्या: करटोली, कुर्डू, टाकळा, भारंगीचा पाला. गंगापूर रोडला करटोली किलोनं आणि चढ्या भावानं जाते, पाहुण्यांना सांगण्यासारखी भाजी म्हणून. इथं उलटं. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या घरांतल्या म्हाताऱ्या कुर्डूवर तुटून पडल्या, निवडत बसल्या, कोवळी कोणती आणि निबर कोणती यावर आमच्या पोरांचा वर्ग घेतला. टाकळ्याच्या वाट्याला दहासुद्धा जास्त म्हणाल्या. "आमच्या बांधाला फुकट उगवती."

आणणाऱ्या बायांना ते ऐकायला बरं वाटलं नाही. डोंगर उतरून बसनं आलेला टाकळा फुकटचा नसतो. शेवटी दोन्हीकडच्या बायांनी आपसात भाव ठरवला, आम्हाला विचारलं नाही. आमच्या पद्धतीत न बसणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा आमच्यापेक्षा लवकर सुटतात.

३० ऑगस्ट, शनिवार

उद्या गौरी येणार, परवा जेवणार. नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. सगळ्या थोड्या-थोड्या घ्यायच्या तर वीस-वीस करत मोठा खर्च. मावशींनी गौरीचा वाटा लावला: सगळ्या भाज्यांचे दोन-दोन तुकडे, एकाच पिशवीत. डांगराची फोड, दोन भेंड्या, एक कारलं, अर्धं दोडकं, अळूचं पान. आमच्यापैकी कोणाला हे सुचलं नसतं. पिशव्या दिवेलागणीच्या आत संपल्या.

पथविक्रेत्यांच्या कर्जाची बातमी. केंद्रीय मंत्रिमंडळानं २७ तारखेला पीएम स्वनिधीला मार्च २०३० पर्यंत मुदत वाढवली. जून २०२० मध्ये ही योजना आली तेव्हा पहिला हप्ता १० हजारांचा, दुसरा २० चा, तिसरा ५० चा होता. आता पहिला १५, दुसरा २५, तिसरा पन्नासच. वेळेवर फेडलं तर व्याजात ७ टक्क्यांची सवलत. पंधरा हजार हातात असतील तर सकाळचे नऊशे उचलावेच लागणार नाहीत. मावशींकडे विक्रेता म्हणून पालिकेचा कागद नाही. त्यांच्या जोडीदारणीकडे आहे, पण तिचं बँक खातं आणि आधारवरचं नाव जुळत नाही. सासरचं आणि माहेरचं. हे काम कुपनांपेक्षा कंटाळवाणं आहे आणि, मला वाटतं, कुपनांपेक्षा जास्त मोलाचं.

१३ सप्टेंबर, शनिवार

पितृपक्ष. गवार, कारली, भेंडी, डांगर, जे जे पानावर लागतं ते सगळं महागलं. दहाच्या कुपनात गवारीच्या मोजून आठ-दहा शेंगा. कुपन पंधराचं करा, असा आग्रह झाला. मी विरोध केला. निधी आहे तेवढाच आहे. पंधराचं केलं तर महिनाअखेरीला, म्हणजे पगार संपल्यावर, नेमकं द्यायला काही उरणार नाही. त्याऐवजी रोज संध्याकाळी पाट्यांजवळ खडूनं लिहायचं: आज स्वस्त काय. पानावर न लागणाऱ्या भाज्या या पंधरवड्यात पडून असतात. कोबी, कांदापात, शेपू. शेपूला गिऱ्हाईक नाहीच, तो भाग वेगळा.

२० सप्टेंबर, शनिवार

वरच्या दहांची गोष्ट राहिलीच होती. रविवारी गिऱ्हाईक देतं. प्रत्येक जण नाही, पण विचारलं की बहुतेक देतात. काही जण पावती मागतात, ती देतो. एका गृहस्थांनी विचारलं, "तिकडे वाटायला आमच्याकडून जास्त भाव लावता का?" नाही. भाव तोच, दहा वेगळे, पावतीवर वेगळी ओळ.

२८ सप्टेंबर, रविवार

काल बाजार भरला नाही. रात्रभर पाऊस, धरणातून पाणी सोडलंय, गोदेला पूर. गंगाघाटावरच्या दुकानदारांनी सामान वर हलवलं. आजचा रविवारचा बाजारही नाही.

दादांचा फोन. कोथिंबीर आणि मेथी पाण्याखाली, टोमॅटोला तडे. जे वाचलंय त्याला पंचवटीत चांगला भाव आहे. तिकडे घालू की तुम्हाला देऊ? मी म्हटलं, तिकडे घाला. शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळायचा दिवस वर्षात फार वेळा येत नाही, आणि तो अडवून स्वस्त भाजी विकायला आम्ही बसलेलो नाही. काका म्हणाले, मग वस्तीत काय? वस्तीत या आठवड्यात डाळ आणि गोल्टी कांदा. मावशी पंचवटीला गेल्या आणि जो भाव मिळाला त्याने आणलं, कुपन त्या मालावर चालू दिलं. पावतीचा नियम एका आठवड्यासाठी बाजूला.

४ ऑक्टोबर, शनिवार

दसरा झाला. माल पुन्हा येतोय, पालेभाजी सोडून. पालेभाजीला अजून महिना लागेल, दादांनी नव्यानं पेरली आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीआधीचा हिशेब काकांनी मांडला. आमच्या निधीतले पैसे दोन वाटांनी गेले. एक, कुपनं: दहा रुपये गेले की गेले, ताटात उतरले. दुसरी, मावशींना एका दिवसाच्या उधारीवर दिलेला माल: तोच पैसा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येतो आणि दोन दिवसांनी पुन्हा निघतो. एकदाही बुडाला नाही, फक्त पुराच्या आठवड्यात उशीर झाला. पिकअपच्या दिवशी मावशी सकाळचे नऊशे उचलत नाहीत, आणि त्या दिवशी त्यांच्या पाटीवरचा भाव आम्ही न सांगता दोन-तीन रुपयांनी खाली असतो. तो कमी झालेला भाव कोणाच्या देणगीतून आलेला नाही.

म्हणून नोव्हेंबरपासून निधीतला मोठा हिस्सा उधारीच्या मालाला, लहान कुपनांना. काकांना वाटतं कुपन बंदच करावं. मला नाही वाटत. महिन्याच्या वीस तारखेनंतर, वहीवरची उधारी फुगली की मावशीसुद्धा नाही म्हणतात, तेव्हा हातात कुपनाची चिठ्ठी असलेली बाई संकोच न करता पाटीसमोर उभी राहते. कुपन आता फक्त २० ते ३० तारखेला चालेल. शनिवारचा बाजार महिन्यातून एकदा, पगाराच्या आठवड्यात, तेव्हा काट्यावर किलोनं घेणारेही येतात. एरवी ती जागा मावशी आणि त्यांच्या जोडीदारणी वापरतील, ताडपत्री आमची.

राहिलेली कामं: जोडीदारणीच्या आधारवरचं नाव दुरुस्त करायचं, तारीख मंगळवारची आहे. मावशींच्या विक्रेता प्रमाणपत्रासाठी पालिकेत अर्ज. नोव्हेंबरची कुपनं निळ्या कागदावर छापायची, तारखा ठळक अक्षरात. आमच्या काट्यावर शिक्का. आणि दादांना सांगायचं, शेपू नको.